त्रियुगीनारायणचें लग्न

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या भाचीचें लग्न झालें. तसें पाहूं गेल्यास यांत वाचकांस सांगण्याजोगें विशेष कांहीं नाहीं. भाच्या घरोघरीं असतात आणि यथाकाल त्यांचीं लग्नेंहि होतात. परंतु हें लग्न आमच्या वाईच्या वाड्यांत झालें नाहीं, कीं पुण्याच्या एखाद्या मंगल कार्यालयांतहि झालें नाहीं. तें झालें हिमालयांत, गढवालांतील त्रियुगीनारायण या गांवीं, समुद्रसपाटीपासून सुमारें १,९८० मीटर उंचीवर. म्हणजे महाराष्ट्रांत ज्याहून उंच शिखर नाहीं त्या कळसूबाईपेक्षांहि तीनशें मीटर वर. दोन्ही पक्षांचीं मिळून आम्ही चाळीस माणसें होतों, आणि त्यांखेरीज सहा माणसें केवळ लग्नाचें चित्रण करण्याकरितां आलीं होतीं. एवढ्याशा लग्नाला चित्रण करणारे सहा कशाला, असा प्रश्न माझ्यासारख्या जुन्या शाळामास्तराच्या मनांत आला, तर त्यांत नवल नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर मला पुढें निराळ्याच रीतीनें मिळालें. तेंच येथें सांगावयाचें आहे.

ही मुलगी आमच्या धाकट्या बहिणीची. ती सात वर्षांची असतां तिची आई गेली, आणि तेव्हांपासून आमच्या थोरल्या भगिनी आक्का यांनीं तिला वाईस आपल्यापाशीं ठेवून घेतलें. शाळेचा डबा, ताप-खोकला, संध्याकाळचा परवचा, स्नेहसंमेलनाच्या दिवशीं नेसवावयाचें नऊवारी, सर्व कांहीं आक्कांनीं केलें. पुढें मुलगी शिकली, पुण्यास संगणकाच्या कंपनींत नोकरीस लागली, आणि तेथेंच तिनें आपला जोडीदार निवडला. मुलगा सुशील, घराणें सालस. कोणाचीच तक्रार नव्हती. दसऱ्यास दोघें सोनें द्यावयास आलीं तेव्हां मुलगी म्हणाली, "मामा, शंकर-पार्वतीचें लग्न जिथें लागलें, तिथेंच आमचें लागावें असें आम्ही ठरवलें आहे." आणि तेथें झालेल्या कोणा एका जोडप्याच्या लग्नाचें चलच्चित्र तिनें मोबाईलवर आम्हांस दाखविलें. पांढरीं शिखरें, देवदारांच्या रांगा, उन्हांत झळकणारा लाल शालू. चित्र सुंदर होतें, हें मीं तेव्हांहि कबूल केलें.

आक्कांचें वय त्र्याऐंशी. चित्र पाहून झाल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "मला येतां येईल का ग तिथें?"

डॉक्टरांनीं त्या उंचीवर आणि त्या थंडींत जाण्यास साफ मनाई केली. मुलगी रडली, बेत बदलतें म्हणाली. तेव्हां आक्काच म्हणाल्या, "आतां बदलूं नका. जागा ठरली, तिकिटें काढलीं. चित्र काढणारच आहांत ना? मला नीट दाखवा, म्हणजे झालें." या एका वाक्यानें त्या सहा माणसांवर केवढी जबाबदारी पडली, हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर मलाहि नव्हतें.

हरिद्वारपर्यंत आगगाडी आणि पुढें मोटार. हृषीकेश सोडल्यावर रस्ता नदीच्या कांठाकांठानें चढूं लागतो. देवप्रयागास भागीरथी आणि अलकनंदा यांचा संगम होतो, व तेथून खालीं तिला गंगा हें नांव मिळतें. रुद्रप्रयागास आम्हीं अलकनंदेचा निरोप घेतला आणि मंदाकिनीचें खोरें धरलें. अगस्त्यमुनि, गुप्तकाशी, सोनप्रयाग! भूगोलाच्या तासाला पुराणाची पोथी उघडावी, तशीं हीं नांवें एकामागून एक येत होतीं. गुप्तकाशीस शंकरानें पार्वतीस मागणी घातली, गौरीकुंडास तिनें तप केलें, आणि त्रियुगीनारायणास लग्न लागलें, अशी तेथील परंपरा आहे. आपल्याकडे जें एका वाड्यांत आटोपतें, तें तेथें एका अख्ख्या खोऱ्यांत पसरलें आहे, असें मीं म्हणतांच मोटारींतील मुलें हंसलीं.

दिवस यात्रेचे नव्हते. भाऊबीजेस केदारनाथाचे दरवाजे बंद होतात आणि हिवाळाभर देवाची पूजा खालीं उखीमठास चालते. त्यामुळें रस्ता मोकळा होता. सोनप्रयागाजवळ चालकानें मोटार क्षणभर उभी केली आणि नदीकडे हात केला. जून २०१३ मध्यें, सोळा आणि सतरा तारखेस, याच मंदाकिनीनें केदारनाथापासून खालपर्यंत हजारों माणसें, घरें, पूल आणि दुकानें नेलीं. आज तीच नदी गोट्यांमधून हिरवीगार, शाळेंतून घरीं निघालेल्या मुलीसारखी वहात होती. मोटारींतला विनोद थांबला. लग्नास निघालेल्या माणसांनीं असली आठवण काढूं नये असें म्हणतात. पण त्या खोऱ्यांतून जातांना ती न काढणेंहि बरें नव्हे. सोनप्रयागपासून त्रियुगीनारायण सुमारें १२ किलोमीटर, आणि तो सारा चढ.

गांव लहान आहे. पायऱ्यापायऱ्यांचीं शेतें, पाटीच्या दगडांनीं शाकारलेलीं कांहीं जुनीं घरें, आणि मध्यें मंदिर. मंदिराची घडण पुष्कळशी केदारनाथाच्या मंदिरासारखी आहे. आंत एक अग्नि अखंड धुमसत असतो. शिवपार्वतींनीं ज्याला प्रदक्षिणा घातल्या तोच हा अग्नि, तीन युगें तो विझलेला नाहीं, अशी श्रद्धा; त्रियुगी हें नांव त्यावरूनच पडलें. येणारा यात्रेकरू त्यांत एक लाकूड घालतो आणि चिमूटभर भस्म घरीं नेतो. आवारांत रुद्रकुंड, विष्णुकुंड, ब्रह्मकुंड आणि सरस्वतीकुंड अशीं चार कुंडें आहेत. आणि मंदिरासमोर ब्रह्मशिला म्हणून एक शिळा आहे, लग्न लागलें तें नेमकें तेथें, असें पुरोहित सांगतात.

येथें एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली, ती वाचकांसहि आवडेल. लग्न शंकराचें, पण मंदिर शंकराचें नाहीं, नारायणाचें आहे. कारण त्या लग्नांत ब्रह्मदेव पुरोहित होता आणि विष्णु वधूचा भाऊ होऊन उभा राहिला, अशी कथा आहे. वऱ्हाड केव्हांच कैलासास निघून गेलें. मागें राहिला तो मुलीचा भाऊ. म्हणजे हें क्षेत्र सासरचें नव्हे, माहेरचें आहे. मी स्वतः वधूचा मामा म्हणून गेलेला, आणि तिच्या आईचा भाऊ. त्यामुळें गाभाऱ्यासमोर हात जोडतांना मला तेथील देव कांहींसा नात्यांतला वाटला, हें लपवीत नाहीं.

आतां त्या सहा माणसांकडे वळूं. पांच पुण्याहून आले होते आणि सहावा, अठरा-एकोणीस वर्षांचा गढवाली मुलगा, ओझीं वाहण्यासाठीं म्हणून गुप्तकाशीस घेतलेला होता. लग्नाच्या आदल्या दिवशीं पहाटे साडेपांचास त्यांनीं वधूवरांना उठवून गांवावरच्या कुरणांत नेलें. मीहि काठी घेऊन मागोमाग गेलों. मनांत थट्टा होती. पण पाहतां पाहतां त्या लोकांच्या मेहनतीचें कौतुकच वाटूं लागलें. सूर्य कड्यावर येण्याच्या सुमारास प्रकाश तिरपा आणि पिवळसर पडतो, चेहऱ्यावर कठोर सावली पडत नाहीं, म्हणून त्यांची सारी धडपड त्या अर्ध्या तासासाठीं. थंडीनें बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून मुख्य चित्रकानें त्या सदऱ्याच्या आंत, पोटाशीं, कापडांत गुंडाळून ठेवल्या होत्या. एखाद्या आईनें तान्ह्या मुलास घ्यावें तशा. उडतें यंत्र, ज्याला ड्रोन म्हणतात, तें सकाळींच उडवून घेतलें, कारण दिवस चढला कीं दरीकडून वर वारा सुटतो आणि यंत्र डळमळूं लागतें. तें मंदिराच्या आवारांत आणूं नये, असें तेथील पुरोहितांनीं सांगितलें व तें सर्वांनीं पाळलें. सेकंदास शंभराहून अधिक चित्रें घेऊन तीं नेहमींच्या चोवीस-पंचवीसच्या गतीनें दाखविलीं कीं पदराचें उडणें चौपट संथ दिसतें, हेंहि मला तेथेंच समजलें. विद्यार्थी कोणत्याहि वयांत होतां येतें.

मात्र एका गोष्टीनें मन बेचैन झालें. वधूवरांनीं चालत यावें, थांबावें, एकमेकांकडे पाहावें, हंसावें, आणि मग, "छान! आतां पुन्हा एकदां." सात वेळां तीं दोघें त्याच उतारावरून उतरलीं आणि सात वेळां तेंच हंसलीं. सातव्या वेळचें हंसणें पहिल्याहून अधिक सुबक होतें. तें सुबक होतें म्हणूनच मला बेचैन वाटलें.

त्या रात्रीं शेकोटीपाशीं मुलीनें मला कुमारसंभवांतलें लग्न सांगावयास लावलें. सातवा सर्ग मीं चाळीस वर्षें शिकविला. वर नगरांत शिरतो तेव्हां त्याला पाहण्यासाठीं बायका खिडक्यांकडे धांवतात. एकीचे केस हातांत तसेच राहिलेले, वेणी घालावयाचें भानच नाहीं. एकीनें अळता लावीत असलेला पाय ओढून घेतला, तिचीं ओलीं लाल पावलें खिडकीपर्यंत उमटलीं. एकीच्या एकाच डोळ्यांत काजळ. एक मेखला ओंवीत होती. तिचे मणी वाटेवर सांडले आणि आंगठ्याला नुसता दोरा उरला. मुलगी ऐकतां ऐकतां म्हणाली, "मामा, हें तर अगदीं चित्रण केल्यासारखेंच आहे." मीं म्हटलें, "होय. पण कालिदासानें कोणाला, काजळ पुसा आणि पुन्हा धांवा, असें सांगितलें नाहीं." आणखीहि एक गोष्ट तिला सांगितली. त्या काव्याच्या आरंभीं हिमालय हा पर्वत आहे. त्याचें बर्फ, त्याच्या वनस्पति, त्याचे मेघ, सर्व वर्णिलेलें आहे. पण लग्नाच्या सर्गांत तो पर्वत राहात नाहीं, मुलीचा बाप होतो. जांवयाला सामोरा जातो, आल्यागेल्याचें करतो. शिखरें मागें सरतात आणि माणसें पुढें येतात. मुलगी कांहीं वेळ विस्तवाकडे पहात राहिली.

दुसऱ्या दिवशीं मुहूर्त दुपारीं बाराच्या आधीं होता. गुरुजी वाईहून आमच्याबरोबरच आलेले, माझेच जुने विद्यार्थी. आवारांत वेदी मांडली होती. ऊन होतें, पण सावलींत हात बधिर होत होते. मुलगी अष्टपुत्री नेसून आली. मीं तिला हातीं धरून पाटावर उभी केली आणि मामाच्या रीतीप्रमाणें तिच्या मागें उभा राहिलों. पाहतों तों वेदीच्या आणि माझ्या मध्यें एक कॅमेरा तिपाईवर उभा, आणि त्याच्याजवळ तो गढवाली मुलगा. कॅमेरा जुना होता. अडीअडचणीला असूं द्यावा म्हणून लावलेला. मला विस्तव दिसेना. आदल्या दिवसाचा राग मनांत होताच. तो सारा त्या गरीब पोरावर निघाला. "हटाओ इसे यहाँसे!" असें मी जरा मोठ्यानेंच म्हणालों. तो "जी, बाबूजी" म्हणाला आणि तिपाई उचलून चार हात मागें, भिंतीशीं घेऊन गेला. मला समाधान वाटलें.

मंगलाष्टकें झालीं. उंच डोंगरांत आवाज निराळाच घुमतो. "सावधान" म्हटलें कीं समोरचा कडा तें पुन्हा म्हणे. अंतरपाट दूर झाला. मुलीनें मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलें. तें आईच्या आठवणीचें होतें कीं आक्कांच्या, कीं नुसतें सुखाचें, कोण सांगणार? माळा घातल्या गेल्या. वाजंत्री वाजलीं. माझाहि कंठ दाटून आला होता.

इतक्यांत मुख्य चित्रक पुढें आला. नेमक्या त्या क्षणीं सूर्यावर ढग आला, शिवाय वरपक्षाकडील एका गृहस्थांचें डोकें मध्यें आलें. "काका, फक्त दोन मिनिटें. अंतरपाट पुन्हा धरूं, ढग आतां सरकतोय." गुरुजींनीं शांतपणें म्हटलें, "मुहूर्त साधला आहे. आतां तुम्हांला काय करायचें तें करा," आणि ते समिधा नीट करूं लागले. मुलीनें वळून माझ्याकडे पाहिलें. तिला कोणीतरी 'नको' म्हणावयास हवें होतें. तेथें मी तिच्या आईच्या जागीं उभा होतों. पण मंडळी हंसत होती, वरपक्ष उत्साहांत होता, वर भला मुलगा गोंधळून उभा होता. चारचौघांत विरस नको म्हणून मीं माझी शाल सारखी केली आणि गप्प राहिलों. अंतरपाट पुन्हा धरला गेला. ढग सरला. अंतरपाट पुन्हा दूर झाला, आणि मुलगी हंसली. आदल्या दिवशीं सात वेळां हंसली होती तेंच, सुबक हंसणें.

पुढें लाजाहोम झाला, सप्तपदी झाली, मंदिरांतल्या धुनींत लाकूड घातलें, भस्माची पुडी आक्कांसाठीं बांधून घेतली. रात्रीं जेवणें आटोपल्यावर गुरुजी म्हणाले, "ध्रुवदर्शन राहिलें आहे." चित्रण करणारे सामान आंवरून खिचडी खावयास बसले होते, त्या अंधारांत त्यांच्या कॅमेऱ्यांस कांहींच दिसण्यासारखें नव्हतें. आम्ही पांच-सहा जणच अंगणांत गेलों. उत्तरेस जावें तसा ध्रुव वर चढतो. वाईस तो क्षितिजापासून अठरा अंशांवर दिसतो, तेथें तीस अंशांहूनहि थोडा वर. वरानें बोट केलें. कालिदासाच्या पार्वतीनें लाजत, कसाबसा एकच शब्द उच्चारला होता; आमच्या मुलीनेंहि तेवढाच उच्चारला, "पाहिला." त्याचें चित्र कोणापाशींच नाहीं. म्हणून कीं काय, मला तें अजून स्पष्ट दिसतें.

सहा आठवड्यांनीं पुण्याहून चित्र तयार होऊन आलें. एक साडेचार मिनिटांचें, एक बावीस मिनिटांचें. मुलगी व जांवई तें घेऊन वाईस आलीं. आक्कांना दूरदर्शनसंचासमोर आरामखुर्चींत बसविलें. शिखरें आलीं, दऱ्या आल्या, ढगांतून उतरणारें ऊन आलें, संथपणें उडणारा पदर आला, मागें गाणें होतें. पाहणाऱ्यानें मान डोलवावी असेंच काम होतें. संपल्यावर आक्का म्हणाल्या, "छान आहे हो. पण लग्न कुठें आहे?"

कोणी बोलेना. "डोंगर पुष्कळ पाहिले," आक्का म्हणाल्या, "मला तुला पाहायचें होतें. मंगलाष्टकें नाहींतच का?" मंगलाष्टकांवर गाणें घातलेलें होतें. गुरुजींचे ओठ हालतांना दिसत, ऐकूं येत नसत.

मुलगी शहाणी. तिनें त्या लोकांना विचारून, कांपाकापी न केलेलें मूळ चित्रण मागितलें. तें देण्याची चाल नाहीं, असें आधीं उत्तर आलें. चार वेळां विनवल्यावर मग आलें. त्यांत चांगल्या कॅमेऱ्यांचे तुकडे होते, दहा सेकंदांचे, वीस सेकंदांचे. आणि एक तुकडा एक तास चाळीस मिनिटांचा, सलग. तो होता भिंतीशीं नेलेल्या त्या तिपाईवरचा. मुलानें कॅमेरा हलविला होता, बंद केला नव्हता.

पुढच्या रविवारीं आक्कांनीं सकाळीं स्नान केलें, लग्नासाठीं म्हणून काढून ठेवलेली पैठणी नेसल्या आणि वाटींत कुंकू लावलेल्या अक्षता घेऊन बसल्या. आम्हांला वाटलें, आतां पूजा करावयाची असेल. चित्र सुरू झालें. पहिलाच आवाज माझा. "हटाओ इसे यहाँसे!" घरांतल्या सर्वांनीं तो ऐकला. मीहि ऐकला; चाळीस वर्षें वर्गांत ओरडलों, पण स्वतःचा आवाज असा कधीं ऐकला नव्हता. मग कॅमेरा डगमगत मागें गेला आणि स्थिर झाला. मंगलाष्टक सुरू झालें, आणि "सावधान" म्हणतांच आक्कांनीं अक्षता टाकल्या. त्या दूरदर्शनसंचावर आपटून खालीं पडल्या. दुसऱ्या "सावधान"ला पुन्हा टाकल्या. आमची सूनबाई उठून त्यांच्या शेजारीं बसली आणि तिनेंहि वाटींत हात घातला. मग आम्हीं सर्वांनींच घातला. अंतरपाट दूर झाला, मुलगी रडली, आणि आक्काहि रडल्या. सहा आठवडे उशिरां कां होईना, आमच्या घरीं तें लग्न लागलें.

पण तिपाईवरच्या कॅमेऱ्याला कांहीं लपवितां येत नाहीं. पुढें "दोन मिनिटें" ऐकूं आलें, आणि अंतरपाट पुन्हा धरला गेला. आक्कांचा अक्षतांचा हात तसाच राहिला. "हें काय?" मुलीनें सांगितलें. आक्कांनीं विचारलें, "मग यांतलें खरें कुठलें?"

"पहिलें, आक्का."

"आणि त्या मोठ्या चित्रांत घातलें आहे तें?"

"दुसरें."

आक्कांनीं मूठ उघडली आणि अक्षता वाटींत परत ठेवल्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत. चित्रांत मात्र मी दिसत होतों, मुलगी माझ्याकडे वळून पहात होती, आणि मी शाल सारखी करीत होतों.

तेव्हांपासून या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला. कॅमेराच नको, असें म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाहीं. तो नसता तर आक्कांचें लग्न बुडालें असतें. आणि ही विद्या आपल्या लोकांस नवीहि नाहीं. सावेदादा भाटवडेकर यांनीं १९०१ मध्यें रँग्लर परांजपे विलायतेहून परतले त्या समारंभाचें चलच्चित्र घेतलें होतें. परांजपे आले म्हणून कॅमेरा गेला. कॅमेऱ्यासाठीं परांजपे आले नाहींत. आपल्या शास्त्रांत अग्नीला लग्नाचा साक्षी म्हणतात. साक्षीचें काम पाहणें, सांगणें नव्हे. नाटकांत पात्रांना आंत-बाहेर करणारा निराळा असतो, त्याला सूत्रधार म्हणतात. त्या दिवशीं आमच्या मांडवांत दोन कॅमेरे होते: एक साक्षी होता, दुसरा सूत्रधार झाला. आणि तो आपण होऊन झाला नाहीं. जागा रिकामी होती, ती त्यानें घेतली. घरच्या वडील माणसांनीं गप्प राहून ती रिकामी केली होती.

असलीं लग्नें आतां वाढणार, कमी होणार नाहींत. नोव्हेंबर २०२३ मध्यें पंतप्रधानांनीं 'मन की बात'मधून परदेशांत जाऊन लग्नें करणाऱ्या कुटुंबांना तीं आपल्याच देशांत करावयास सांगितलें, आणि पुढच्याच महिन्यांत डेहराडूनच्या परिषदेंत उत्तराखंडाचें नांव त्यासाठीं घेतलें. त्यांत गैर कांहीं नाहीं; यात्रा बंद असतां हिवाळ्यांत खोलीवाले, आचारी, चालक आणि गुप्तकाशीच्या त्या मुलासारखीं पोरें यांना काम मिळतें. परंतु जून २०१९ मध्यें औली येथें एका धनाढ्य घराण्याचीं लग्नें झालीं. त्या वेळीं नैनीतालच्या उच्च न्यायालयास मध्यें पडून ३ कोटी रुपये अनामत ठेवण्याचा हुकूम करावा लागला, आणि पाहुणे गेल्यावर शेंकडों क्विंटल कचरा तेथील नगरपालिकेला उचलावा लागला. त्याच औलीच्या पायथ्याचें जोशीमठ, जेथें जानेवारी २०२३ मध्यें शेंकडों घरांच्या भिंतींस तडे गेले. ते तडे लग्नानें गेले असें मी म्हणत नाहीं. पण तो डोंगर किती नाजूक आहे, एवढें त्यावरून कळावें. हिमालय ही चित्रामागची पडदी नव्हे. तें पार्वतीचें माहेर आहे, आणि आपण तेथें पाहुणे आहोंत. पाहुण्यानें यजमानाच्या अंगणांत उष्टीं टाकून येऊं नये.

तेव्हां ज्यांच्या घरीं असें कार्य व्हावयाचें असेल त्यांना माझी सूचना अशी. चित्रण करणाऱ्यांशीं बोलणें होईल तेव्हांच ठरवावें कीं अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंत कोणी कोणाला कांहीं सांगावयाचें नाहीं. जें होईल तें घ्यावें, जें निसटेल तें निसटूं द्यावें. आदल्या दिवशीं कुरणांत हवें तितक्या वेळां हंसावें. एक कॅमेरा तिपाईवर, बाजूस, आरंभापासून शेवटपर्यंत सलग चालूं ठेवावा, आणि तें मूळ चित्रण आवाजासकट आपल्याला मिळेल असें करारांतच लिहून घ्यावें. ड्रोनचें वजन २५० ग्रॅमहून अधिक असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणें त्याची नोंदणी झालेली असावी लागते, ती विचारावी; आणि देवळाच्या माणसांना विचारल्याखेरीज तें उडवूं नये. वर नेलेला कचरा खालीं आणावा. आणि जागा ठरविण्यापूर्वीं घरांत एक प्रश्न जरूर विचारावा: तेथें कोणाला येतां येणार नाहीं? आम्हीं तो जागा ठरल्यावर विचारला.

त्या मुलाचा पत्ता मीं खटपट करून मिळविला. आक्कांनीं त्याच्यासाठीं बेसनाचे लाडू केले, ते पाठविले, आणि सोबत मीं हिंदींत पत्र लिहिलें. रागावलों याबद्दल क्षमा मागितली आणि कॅमेरा चालूं ठेवल्याबद्दल आभार मानले. पंधरा दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. लाडू घरीं सर्वांनीं खाल्ले, असें होतें. आणि खालीं एक ओळ होती: "बाबूजी, आपने हटाने को कहा था, बंद करने को नहीं।"